बोंब मारणारा काटा

“उघडून तर बघू,” म्हणत ती अंबाड्यातला आकडा काढून दातानं सरळ करायची. आमच्या अंगणवाडीची ताई. मी तिच्या हाताखाली मदतनीस, खिचडी शिजवायची. कुलूप, कुकर, घड्याळ, तिनं काही सोडलं नाही. परत जोडल्यावर एखादा स्क्रू उरायचाच. “जास्तीचा होता,” म्हणायची.

बाळांच्या वजनाला स्वस्तातला बॅटरीचा काटा आला. आकडा ठरला की पीं करून ओरडायचा. बाळ दचकून पाय झाडायचं, आकडा हलायचा, काटा पुन्हा ओरडायचा. त्यात आमच्या डोळखांबकडच्या पाड्यांत बाळाचं वजन मोठ्यानं बोलत नाहीत, नजर लागते. एका आजीनं नातवाला आणायचंच सोडलं. “काटा पाड्याभर बोंब मारतो. मी नाय ठेवायची पोराला त्याच्यावर.”

ते पोर वाळत चाललं होतं. आजी म्हणे, “बापावर गेलाय, बारीकच चण.” दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती.

ताईनं आधी काट्याच्या आवाजाच्या भोकावर तांदळाच्या पिठाचा गोळा थापला. सकाळी मुंग्यांनी तो नेला. मग तिनं काटा उघडला. आत ओरडणारी नाण्याएवढी चकती, तिला दोन वायरी.

मी म्हटलं, “सरकारी वस्तू हाय गो. नोकरी जाईल.”

“आनि पोर गेलं तर?” म्हणाली, आणि वायर कापली.

आजीच्या ओटीवर काटा मांडला. बाळ गप पडून राहिलं. आकडा ठरला. ताईनं तो मोठ्यानं वाचला नाही. मागच्या महिन्याचं कार्ड शेजारी धरून दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. सून खाली मान घालून रडायला लागली. आजीनं तिच्याकडं पाहिलं नि म्हणाली, “गाडी बोलवा.”

शहापूरच्या दवाखान्यातून पोर गाल घेऊन परत आलं.

पुढं सुपरवायझर बाईंनी काट्याचं फाटलेलं सील पाहिलं. “कोणी तोडलं?”

आजी पुढं झाली. “माज्या हातून पडला. काय करशी?”

“आजी, खोटं नको,” ताई म्हणाली. “मीच वायर कापली. एक बाळ ठेवून बघा, बाई.”

बाईंनी ठेवलं. ते झोपलेलंच राहिलं. बाईंनी आकडा वहीत लिहिला. आठवड्यानं शेजारच्या पाड्यांतले सात काटे आमच्या ओट्यावर आले.

ताईला जाऊन दोन वर्षं झाली. रडत बसायची माझी सवय नाही. पण आठ पाड्यांत बाळं काट्यावर झोपतात. ते कोणामुळं, हे नव्या बायांना ठाऊक नाही. म्हणून सांगितलं.