वातानाबे आडनावाची माणसं

आमच्या नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागातली मंडळी चहाला बसली, की कुणाचा ना कुणाचा किस्सा निघतोच. माझ्याकडे मात्र एकाच आडनावाचे किस्से साठत गेलेत. वातानाबे. आमची सहकारी युमी, तिचं हे आडनाव.

ती रुजू झाली त्या दिवशी आमच्या मॅनेजरने, बेकरने, तिची ओळख करून दिली, "ही मिस वॉटर-नॅबी." दोघंतिघं हसले. युमी शांतपणे म्हणाली, "पाणी बरोबर आहे. नदी ओलांडायची जागा आणि तिचा काठ, असा अर्थ आहे. लोक जिथून पलीकडे जातात, तिथले आम्ही."

बेकर म्हणाला, "आम्ही नुसते पाव भाजणारे."

*

एकदा जपानहून एक डॉक्टर विभाग बघायला आले. तेही वातानाबे. दोघांनी व्हाइटबोर्डवर आपापलं नाव लिहिलं, तर शेवटचं अक्षर वेगळं. युमीचं साधं, त्यांचं एवढं गुंतागुंतीचं, की बघताना माझेच डोळे दमले.

"एकच नाव ना?" मी विचारलं.

"एकच," युमी म्हणाली. "हे अक्षर लिहायच्या कितीतरी तऱ्हा आहेत. ज्या घराची जी, ती त्या घराने जपायची."

आणि दोघं एकमेकांच्या अक्षरापुढे वाकले. संध्याकाळपर्यंत तो बोर्ड कुणी पुसला नाही.

*

माझे बाबा नागपूरहून आले होते. सगळा जन्म बौद्ध चळवळीत गेलेला. कुणी आडनाव विचारलं, की ते मुद्दाम फक्त पहिलं नाव सांगायचे. युमी जेवायला आली, तेव्हा मात्र त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे आडनावावरून माणूस जोखतात का?"

ती म्हणाली, "या नावाचे जुने योद्धे होते. साध्या लोकांना बहुतेक आडनाव लावायची मुभाच नव्हती. पुढे सरकारने सगळ्यांनाच ते घ्यायला लावलं. आम्ही योद्ध्यांचे, की तेव्हा नाव घेतलेल्या शेतकऱ्यांचे, घरात कुणालाच माहीत नाही."

"आणि कुणी खोदून विचारत नाही?"

"आम्हाला तरी कुणी विचारलं नाही."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मला म्हणाले, "ऐकलंस? कुणालाच माहीत नाही."

*

आणि ही तारा. इथेच जन्मलेली, सात वर्षांची मराठी मुलगी, एमआरआयला आलेली. मशीनचा धडधडाट ऐकून आईला बिलगली. "आई, आत मॉन्स्टर आहे. मला खूप भीती वाटतो."

युमी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "जपानमध्ये राक्षसांना घालवायला लोक भाजलेले सोयाबीन फेकतात. आमच्या घरी फेकत नाहीत. खूप पूर्वी एका वातानाबेने राक्षसाचा हात तोडला होता. तेव्हापासून राक्षस या नावाच्या जवळ येत नाहीत, असं म्हणतात."

ताराने लगेच तळहात पुढे केला. युमीने त्यावर पेनाने आपलं नाव लिहिलं.

मूठ मिटून तारा आत गेली आणि स्कॅन संपेपर्यंत हलली नाही.

बाहेर वेटिंगमध्ये एक गोरे आजोबा बसले होते. पुढचा नंबर त्यांचा. चेहरा पांढराफटक, नजर मशीनच्या दाराकडे. तारा त्यांच्यापाशी थांबली. तिने आपला घामेजलेला, नाव लिहिलेला तळवा त्यांच्या तळव्यावर दाबून धरला.

आजोबांनी अलगद मूठ मिटली, उठले आणि आत गेले.