चकचकीत ट्रे आणि हवालदार गावितांचा घसा

नाशिकजवळच्या छावणीतल्या लष्करी इस्पितळात माझं पोस्टिंग झालं, तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी लेफ्टनंट होते, नर्सिंग ऑफिसर. तुमचे आजोबा नाशिकलाच, अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे या ऑर्डरचे घरात पेढे वाटले गेले.

ईशान, तुझे टॉन्सिल काढायचे ठरले आहेत आणि तू घाबरला आहेस, असं तुझ्या बहिणीने, रेवाने, फोनवर सांगितलं. दुसरी गोष्ट तू कबूल करणार नाहीस. म्हणून तुम्हां दोघांना हवालदार गावितांची हकिगत लिहून पाठवते आहे.

गावित तोफखान्यातले, हरसूलकडच्या एका पाड्यावरचे. एका तोफेचे कमांडर आणि रंगरुटांना, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांना, शिकवणारे उस्ताद. त्यांचा हुकूम लाउडस्पीकरशिवाय मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा. पण दर महिन्याला घसा सुजायचा, ताप चढायचा आणि आठवडाभर आवाज बसायचा. आमचे सर्जन मेजरसाहेब म्हणाले, टॉन्सिल काढा, नाहीतर मेडिकल कॅटेगरी खाली येईल. कॅटेगरी खाली म्हणजे तोफ सुटली. मग स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजायची.

आदल्या संध्याकाळी गावितांनी विचारलं, "मॅडम, आवाज तर जाणार नाही ना? गावाकडं सगळे म्हणतात, गळा कापला की आवाज जातो."

"गळा कापत नाहीत. तोंडातून काढतात."

त्यांची बायको सोनाबाई स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, निम्मा गेला तरी चालंल. घरात लय होतो."

"गप गं."

"बघा. ह्यो आजारी आवाज हाय."

सकाळी ऑपरेशन झालं, वेळेत आणि व्यवस्थित. मेजरसाहेबांनी दोन्ही टॉन्सिल बाटलीत घालून मला दाखवले. "दो दुश्मन पकड़े गए." ती बाटली त्यांनी थिएटरच्या कपाटात ठेवून दिली. गावित शुद्धीवर आल्यावर हुकूम सुटला: बोलायचं नाही, कुशीवर झोपायचं, तोंडात काही आलं तर ट्रेमध्ये थुंकायचं.

दुसऱ्या दिवशी कमांडंटसाहेबांचं इन्स्पेक्शन होणार होतं. लष्करात इन्स्पेक्शन म्हणजे काय, ते तुम्हांला कसं सांगू? नळ चकाकतात. ब्लँकेटांच्या घड्या दोरी धरून एका ओळीत लावतात. आमचा नर्सिंग असिस्टंट नायक यादव दुपारभर प्रत्येक ट्रे घासत होता, आणि घासून झालेल्या ट्रेकडे कोणी नुसतं बघितलं तरी डोळे वटारत होता.

ऑपरेशनच्याच दिवशी चार वाजता मी राउंडला निघाले. गावितांच्या खाटेपाशी यादव छाती काढून उभा राहिला.

"देखिए मैडम, एकदम क्लीन."

खरंच क्लीन होतं. चादर पांढरीशुभ्र, उशीवर डाग नाही, ट्रेमध्ये माझा चेहरा दिसत होता. सकाळी टॉन्सिल काढलेल्या माणसापाशी असं असायला नको. थोडी गुलाबी थुंकी तरी हवी. मी गावितांच्या गळ्याकडे बघितलं. त्यांनी आवंढा गिळला. मग पुन्हा. मग पुन्हा. कपाळावर घाम होता. मी नाडी धरली. ती पळत होती.

"गावित, तोंडात रक्त येतंय?"

त्यांनी मान हलवली. हो.

"आणि तुम्ही गिळताय?"

हो.

"थुंकत का नाही?"

गावितांनी बोटाने ट्रे दाखवला. मग यादव दाखवला. मग पडल्यापडल्याच, कमांडंटसाहेब समोर असल्यासारखा, एक सॅल्यूट ठोकला.

"इन्स्पेक्शन गेलं खड्ड्यात! थुंका!"

हा हुकूम त्यांनी लगेच पाळला. ट्रे लाल झाला. यादवचा चेहरा चादरीसारखा झाला, पण मी सांगण्याआधीच तो स्ट्रेचर आणायला धावला होता. मी फोन उचलला.

"सर, गावित. टॉन्सिलमधून ब्लीडिंग. पल्स एकशे तीस."

"ब्लड?"

"क्रॉसमॅचिंगला पाठवते आहे."

"गुड. थिएटर खोलो. आ रहा हूँ."

थिएटरमध्ये भुलीचा मास्क जवळ येताच गावितांनी उजवा हात सरळ वर केला. मला वाटलं, घाबरले. मेजरसाहेब मात्र पूर्वी एका तोफखाना रेजिमेंटचे डॉक्टर होते. तोफ भरून तयार झाली की तिचा कमांडर असा हात वर करतो.

"गन रेडी," मेजरसाहेब म्हणाले. "चलो."

एक रक्तवाहिनी बांधली, रक्ताची एक बाटली चढवली आणि धोका टळला.

सकाळी कमांडंटसाहेब गावितांच्या खाटेपाशी थांबले. सगळ्या वॉर्डात तेवढा एकच ट्रे डागाळलेला होता. यादव दाराआड गेला.

"सिस्टर, ये क्या है?"

"सर, हा ट्रे वापरात आहे."

त्यांनी ट्रेकडे बघितलं, गावितांकडे बघितलं. "व्हेरी गुड," म्हणाले आणि पुढे गेले. पुढचे दोन दिवस यादवने गावितांना स्वतःच्या हाताने आइस्क्रीम भरवलं.

काही आठवड्यांनी रंगरुटांची शपथ घ्यायची कसम परेड झाली. मैदान इस्पितळापासून बरंच लांब, तरी मला व्हरांड्यात गावितांचा प्रत्येक हुकूम शब्दन् शब्द ऐकू आला. परेडनंतर सोनाबाई भेटायला आली, हातात हरसूलच्या बाजारातले आंबे. म्हणाली, "मॅडम, कमी नाय केला तुम्ही. वाढवला."

ऐंशीच्या दशकात गावितांची रेजिमेंट उत्तरेला उंचावरच्या एका ठाण्यावर होती. एका पहाटे तोफांच्या वरच्या उतारावरून बर्फ सरकला. गावितांना तो आधी दिसला. त्यांच्या तोफेवरचा एक जवान पुढे आमच्याकडे उपचारांना आला होता, त्याने सांगितलं, "मॅडम, वारा एवढा होता की शेजारचा बोललेला कळत नव्हता. पण उस्तादांचा आवाज तंबूत आला. बाहेर पडा. आम्ही सगळे बाहेर पडलो." गावित सर्वांत वर उभे होते. ते बर्फातून परत आले नाहीत.

कोणी टॉन्सिलचं नाव काढलं की मला आधी तो सॅल्यूट आठवतो आणि हसू येतं. मग तो आवाज आठवतो.

ईशान, डॉक्टरांनी 'तयार?' असं विचारलं की उजवा हात सरळ वर कर. त्यांना कळणार नाही, पण तू कर. आणि नंतर ट्रे कितीही चकचकीत असला, तरी त्यात थुंक.