टेकडीवरून हरवलेल्या आजी

ती दुपार अजून डोक्यातून जात नाही. पोलिसात नोकरीला असताना मिसिंगच्या तक्रारी ढिगाने हाताळल्या. पण ही केस निवृत्तीनंतरची, आणि तीही अमेरिकेतली. ना वर्दी, ना हवालदार, ना वायरलेस.

मी तेव्हा पेनसिल्व्हेनियात लेकीकडे राहायला गेलो होतो. तिच्या शेजारी एक नागपूरकर इंजिनियर राहतात. त्यांची आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी, काही महिन्यांसाठी आल्या होत्या. इंजिनियरांची मुलगी पिट्सबर्गला वकिली करते. जन्म अमेरिकेतला, मराठी समजतं, बोलताना निम्मं इंग्रजी. तिला भेटायला माय-लेक निघाले, तर मलाही म्हणाले, "काका, चला की. घरात बसून काय करता?" गेलो.

पिट्सबर्ग म्हणजे नद्यांवरचं बंदर. काठालाच उभी टेकडी आणि तिच्यावर चढणारी जुनी रेल्वे. दोन लाकडी डबे एकाच दोराला बांधलेले. एक वर चढतो तेव्हा दुसरा खाली उतरतो. पूर्वी पोलादाच्या कारखान्यातले कामगार यातून घरी जात, आता आमच्यासारखे हौशी. नातीने दिवसभराचे पास काढून प्रत्येकाच्या हातात दिले. वर जाताना आजी खिडकीशी बसल्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. मी ते टिपलं. सवय, दुसरं काय!

वर पोचल्यावर आजींचा मुलगा फोटो काढत पुढे गेला, मी कॉफी आणायला. परत येतो तर नात धावत आली. "काका, आजी कुठेच नाहीये! मी केव्हाची वेट करतेय, ती आलीच नाही."

आजींचा फोन गाडीत राहिलेला. त्यांना मधुमेह, इंग्रजी बेताचं, आणि वारा असा की कान बधिर व्हावेत. मुलगा 'आई, आई' करत रस्ता पालथा घालून आला. मी त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं. घाबरलेला नातेवाईक तपासाची पार वाट लावतो. नातीला म्हटलं, पोलिसांना फोन कर. तिने केला, आणि ते येईपर्यंत मी जबाब घ्यायला सुरुवात केली.

"शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी. इथेच, कठड्यापाशी."

"काय म्हणाल्या?"

"शी सेड शी'ज कमिंग. म्हणून मी इथेच थांबले."

"इंग्रजीत म्हणाल्या?"

"नो, मराठीत."

"मग त्यांचे शब्द जसेच्या तसे सांग. भाषांतर नको."

तिने जरा आठवलं. "'येते गं मी.' दॅट्स इट."

मी कपाळावर हात मारला. अगं पोरी! आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. आजींनी निरोप घेतला होता, आणि ही बिचारी त्यांची वाट बघत उभी! वरचा रस्ता मुलाने पाहिला होता. उरला खाली जाणारा डबा. खाली भरधाव रहदारी, पूल आणि नदी.

मुलाकडे वळलो. "घरात काही झालंय का? खरं सांगा."

तो बुटांकडे बघत राहिला. "आईचं रिटर्न तिकीट कॅन्सल केलं, काका. तिकडे एकटीच असते, म्हटलं इथेच राहू दे. ग्रीन कार्डचं बघतोय. काल तिला सांगितलं."

"विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती."

एक ठेवून द्यावीशी वाटली, खरंच सांगतो. पण एक धागा हाती होता. माझा अनुभव असा, की जिवाचं बरंवाईट करायला निघालेलं माणूस सहसा असा नीट निरोप घेत नाही. आजींच्या मनात परत यायचं असावं. पुरावा म्हणाल तर काही नाही. नातीला वरच्या स्टेशनच्या दाराशी उभं केलं आणि आम्ही दोघं खाली निघालो.

अर्ध्या उतारावर समोरून दुसरा डबा वर आला. खिडकीत आजी! अंगावर शाल, मांडीवर पर्स, नजर नदीवर. "आई!" मुलगा काच बडवू लागला. त्यांनी वळून पाहिलं, जरा हसल्या आणि वर निघून गेल्या. तो तिथेच मटकन बसला आणि रडायला लागला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

आम्ही उलट्या पावली वर आलो, तेव्हा नात त्यांना घट्ट धरून बाकावर बसली होती. पोलिसांनाही तिने कळवलं होतं.

"आई, कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही रे. खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. पास दिलाय की पोरीने. इथे आल्यापासून कुठे जायचं तर तुला विचारा, सुनेला विचारा, गाडी कधी काढता म्हणून विचारा. या डब्याला कोणाला विचारावं लागत नाही. बसलं की निघालं."

"अगं, पण सांगून तरी जायचं!"

"हिला सांगितलं की. तू मला सांगितलंस का, तिकीट रद्द करताना?"

मी मध्ये पडलो नाही. मिसिंग माणूस सापडलं की ठाण्यात सगळे एकच विचारतात, कुठे होतात? मग नातेवाइकाच्या ताब्यात दिलं की केस संपते. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो हे मला त्या बाकाशी उभं राहून कळलं, आणि तो पोलिसाने विचारून उपयोग नसतो. तो घरच्यानेच विचारावा लागतो.

मुलगा आईच्या पायाशी उकिडवा बसला. म्हणाला, "आई, तुला कधी जायचंय?"

"तू म्हणशील तेव्हा," आजी म्हणाल्या. "काल तू तिकिटाचं सांगितलंस ना, तेव्हाच बॅग भरून ठेवलीय."