गेनबाचा ‘लाभ’

गेनबा माजा सख्खा धाकटा भाऊ. पैलं सांगून ठिवतो, त्याला तागडी धरायला म्याच शिकवली. म्या चौथी पास, त्यो तिसरीतनं सुटल्याला. पर विंझरच्या दुकानात त्यानं भात तोललं की देणारा-घेणारा दोगंबी गप. मार्गासनीपासनं वेल्ह्यापतोर तसा तोलारी पुन्ना झाला न्हाई. त्याची पोत्याची मोठी तागडी आजबी माज्या आढ्याला टांगल्याली हाय. वारं सुटलं की पारडी एकमेकाला लागत्यात, आन् मला सोपान आठवतो.

सोपान आमच्या शेजारच्या रतनबाईचा. अडुसष्ट साली त्याला नववं लागल्यालं. चालता चालता पडायचा, उठताना सोताच्याच मांड्यांवर हात टेकीत वर यायचा. पर पोटऱ्या अशा दांडग्या, की म्या चारचौघांत बोललो, ह्यो जत्रंचं मैदान मारणार. म्या सोता कुस्त्या केल्याला माणूस, मला कळायलाच पायजे.

गेनबा म्हनला, "दादा, फुगल्यालं पोतं भरल्यालंच असतं व्हय?"

लई राग आला मला. पर तीन वर्सांत सोपान बसूनच ऱ्हायला.

भोरच्या डाक्टरांनी सांगितलं, स्नायूंचा आजार हाय, बरा व्हायचा न्हाई. पर पोर वाळता कामा नये, आन् बसून बसून सुटताबी कामा नये. पोटऱ्या आजारानंच फुगल्यात, त्यांच्यावर जाऊ नका, दर म्हैन्याला वजन आन् उंची कळवा. आता वजनाच्या काट्यावर हुबं ऱ्हावं लागतं. जे पोर हुबंच ऱ्हात न्हाई, त्याला मोजायचं कसं?

गेनबा तागडी घिऊन गेला. रतनबाईनं दार अडवलं.

"भावजी, माजं पोर काय भात हाय?"

"वयनी, भातापरीस जपून तोलतो."

एका पारड्यात गोधडी टाकून सोपानला बसवला. दुसऱ्यात पाच किलोचं पैलं वजन ठिवताना गेनबा सवयीनं म्हनला, "लाभ." आमच्याकडं तोलारी कदी एक म्हनत न्हाई. लाभ म्हनतो, मग दोन, तीन. त्यो शब्द ऐकला आन् रतनबाई दारातनं बाजूला झाली.

नंतर गोधडी एकटी तोलली. तिचं वजन वजा करायला गेनबा माज्याकडंच आला, चौथी पास ना म्या.

उंचीला त्यानं वाव घेतली. सोपानचे दोनी हात पसरून, कोपरं सरळ करून, ह्या बोटापासनं त्या बोटापतोर दोरी, आन् दोरीला गाठ. हिरीचा दोर मोजणाऱ्याला ठावं असतं, माणूस आपल्या वावंयेवढाच असतो.

चौथ्या म्हैन्याला गाठ बोटभर म्होरं गेली आन् वजन किलोभर मागं.

रतनबाई म्हनली, "तुमची तागडी चुकली आसंल. रानात जाताना ताट वाढून जाते, येते तवा लख्ख असतं."

तागडी चुकली म्हनलं की दुसरा तोलारी भांडला असता. गेनबा सोपानजवळ उकिडवा बसला.

"ताट कोन संपवतं रं?"

सोपान म्हनला, "खंड्या."

खंड्या त्यांचं कुत्रं.

"तुला भूक न्हाई?"

"भूक हाय. हात तोंडापतोर जात न्हाई, काका. आईला सांगितलं तर ती रानात जायची न्हाई, मग खानार काय?"

रतनबाई उंबऱ्यावर बसली. परत कदी पोटऱ्यांचं नाव काडलं न्हाई म्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आदी गेनबा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला. खंड्याला बाहेर बांधल्यालं. रतनबाईनं भाकर दुदात कुस्करून म्होरं ठिवली. पैला घास सोपानच्या तोंडात देत गेनबा म्हनला, "लाभ."

सोपाननं सावकाश चावलं, गिळलं, आन् सोताच म्हनला, "दोन."