मुलगी यायची आहे

थोरली कामावरून घरी आली की आई दार उघडायची, तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायची आणि म्हणायची, "या बाई. आमची मुलगी अजून आली नाही. यायची आहे."

आता पोटच्या पोरीला आईने 'या बाई' म्हणायचं, याची कुणाला सवय होईल का? पण होते. माणसाला कशाचीही सवय होते, ही माणसाची वाईट खोडच म्हणायची. थोरली चपला काढायची, पिशवी खुंटीला अडकवायची आणि म्हणायची, "येईल हो. चहा टाकू का?" आई म्हणायची, "टाका. साखर मात्र बेताने." मग थोरली ओट्याशी उभी राहून चहा उकळेपर्यंत डोळे मिटून घ्यायची. दिवसभरातली तिची विश्रांती काय ती तेवढीच.

ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. पँटची उंची कमी कर, कोटाचं अस्तर बदल, कुणाचं पोट सुटलंय म्हणून कंबर सैल करून दे, आणि तो माणूस "कापडच आटलं बघा" म्हणाला की मान डोलाव. दुकानात तिला सगळे मास्तर म्हणत. बाई असली तरी मास्तरच. हे काम तिला आईनेच शिकवलं होतं. वडील लवकर गेले, तेव्हा आईने शिवणयंत्रावर दोन पोरं वाढवली होती. धाकट्याने पुढे नोकरी धरली, लग्न केलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड थाटलं. थोरलीचं लग्न राहून गेलं ते गेलंच. दोन खोल्यांत ती आणि आई, असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

मग एके दिवशी सकाळी आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

थोरलीला आधी थट्टा वाटली. मग तिने समजावून पाहिलं, रडून पाहिलं, लहानपणीचे फोटो समोर मांडून पाहिले. आईने फोटो कौतुकाने पाहिले. "ही माझी मुलगी," ती म्हणाली. "तुम्ही अगदी तिच्यासारख्या दिसता. म्हणून तर तुम्हाला इथे पाठवलंय." कुणी पाठवलंय, ते तिलाही सांगता येत नसे. खरी मुलगी कुठेतरी अडकून पडली आहे आणि तिच्या जागी हुबेहूब दिसणारी ही बाई आणून ठेवली आहे, एवढं मात्र तिच्या मनाने पक्कं धरलं होतं.

डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "डोळ्यांना चेहरा ओळखू येतो हो, पण आपलं माणूस दिसल्यावर आत जे हलतं ना, ते हलत नाही. मग मन म्हणतं, ही ती नव्हे. हा आजार आहे. वाद घालू नका, त्याने त्या जास्त घाबरतील." गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप आली, भूक मंदावली, पण मुलगी काही परत आली नाही.

गंमत म्हणजे धाकट्याला ती बरोबर ओळखायची. तो रविवारी यायचा आणि आई त्याच्याजवळ बसून हळू आवाजात तक्रारी करायची. "बाई कामाला वाईट नाहीत रे, पण तोंड सदा उतरलेलं. आणि तुझ्या ताईचे कपडे सर्रास घालतात." धाकटा एकदा बोलून गेला, "आई, अगं हीच ताई आहे." त्यावर आईने हात मागे घेतला आणि ती म्हणाली, "तुलाही फितवलं का यांनी?" त्यानंतर दोन रविवार ती त्याच्याशी बोलली नाही. मग त्याने तो विषयच सोडला. जाताना दारात बहिणीला म्हणायचा, "ताई, तुझी कमाल आहे बाई." थोरलीला वाटायचं, कमाल कसली डोंबलाची, जाऊन कुठे जाऊ? पण ती नुसतीच हसायची.

सगळ्यात जड जायची ती संध्याकाळची प्रार्थना. खिडकीशेजारच्या फळीवर आईचा देव होता. त्याच्यासमोर खुर्ची ओढून आई बसायची आणि अगदी हक्काने बोलायची, जसं एखाद्या ओळखीच्या दुकानदाराशी बोलावं. धाकट्याला सांभाळ, सुनेचं गुडघेदुखीचं बघ. आणि मग आवाज खाली यायचा. "माझी मुलगी सुखरूप घरी आण. ती दमून येते रे. तिला वाटेत कुणाचा त्रास होऊ देऊ नकोस." आणि ती मुलगी मागे, हातभर अंतरावर, भाजी निवडत बसलेली असायची.

थोरलीने स्वतः देवाशी बोलणं टाकलं होतं. तिचा त्याच्यावर खरोखरचा राग होता. 'रोज मला धडधाकट घरी आणून सोडतोस,' ती मनात म्हणायची, 'तिचं मागणं रोज पुरं करतोस, मग ते तिला कळू द्यायला तुझं काय जातं?' तिला मोठं काही नको होतं. आई बरी होईल ही आशा तिने केव्हाच सोडली होती. एकदा, फक्त एकदा, दार उघडून आईने 'आलीस का गं' म्हणावं, एवढ्यावर तिचा जीव अडकला होता.

एका सुटीच्या दुपारी आईच्या गाऊनची खालची दुमड उसवलेली तिला दिसली. थोरली सुईदोरा घेऊन आईच्या पायाशी बसली आणि तिच्या डोक्यात एक विचार आला. आई हातशिलाईत कधी गाठ मारू देत नसे. गाठ अंगाला टोचते, म्हणायची. गाठीऐवजी दुमडीच्या आत दोन उलटे टाके घालायचे, तिसरा त्यांच्यातून ओवून घ्यायचा, आणि मग बाहेरच्या कापडाचा एकेकच धागा उचलत पुढे जायचं. हे तिने दुनियेत एकाच मुलीला शिकवलं होतं. दुकानात यंत्रावर घाईची कामं; तिथे असले लाड कोण करतो? थोरलीचा हात त्या टाक्यावरून गेल्याला वर्षं झाली होती. पण हात विसरला नव्हता.

ती सावकाश शिवत गेली. आई वरून बघत होती. शिवून झाल्यावर आईने कापड उलटं केलं आणि टाक्यांवरून बोट फिरवलं. तिचे ओठ थरथरायला लागले.

"हा माझ्या मुलीचा हात आहे," आई म्हणाली.

"हो आई."

"मी शिकवलाय तिला."

"हो गं, तूच शिकवलास."

आईने तिचं मनगट घट्ट पकडलं. "म्हणजे तुम्ही तिला भेटलाय. तिने तुम्हाला शिकवलंय. कुठे आहे ती? इतके दिवस माहीत असून बोलला नाहीत? कुठे ठेवलंय तिला?"

आपल्याच हाताने थोरलीने आपल्याविरुद्धचा पुरावा शिवून दिला होता. त्या दिवसापासून आईने तिच्या हातचं जेवण बंद केलं. बिस्किटं आणि पाणी, तेही स्वतः ओतून घेतलेलं. थोरली शेजारणीच्या हातून ताट पाठवायची, तेव्हा कुठे चार घास पोटात जायचे.

आणि एका पावसाळी, गारठ्याच्या दिवशी थोरली औषधं आणायला गेली असताना आई घरातून निघून गेली. अंगावर तोच गाऊन, ना छत्री, ना शाल. परत आल्यावर उघडं दार बघून थोरली तशीच बाहेर पळाली. बाजार, बागेतली बाकं, दवाखाना, सगळं तिने पालथं घातलं. जो दिसेल त्याला विचारलं. धाकटा गाडी घेऊन दुसऱ्या दिशेला फिरत होता. आणि मग दुकानाच्या मालकाचा फोन आला. "मास्तर, तुमच्या आई इथे येऊन बसल्यात. चिंब भिजल्यात. म्हणतात, मुलगी इथे कामाला आहे, तिला न्यायला आले. मी म्हटलं, येईलच ती, बसा."

थोरली धावत गेली. दुकानाच्या काचेतून तिला आई दिसली, गिऱ्हाइकांच्या बाकावर, कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला कोट अंगावर घेऊन बसलेली. दार ढकलल्याबरोबर आईने मान वर केली. तो चेहरा थोरली जन्मात विसरणार नाही. सगळा उजळलेला होता, वाट बघून बघून शेवटी माणूस दिसल्यावर उजळतो तसा. मग हळूहळू तो विझला.

"तुम्ही होय," आई म्हणाली.

रात्री ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी तिला रुग्णालयात न्यावं लागलं. छातीत कफ भरला होता. वय झालेलं, अंगात ताकद नाही. डॉक्टरांनी आडून आडून सांगितलं आणि थोरलीला ते सरळ कळलं. ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून राहिली. कापूस ओला करून ओठांवर फिरव, पाठीखालची चादर सारखी कर, नर्सला हाक मार. धाकट्याला ती म्हणाली, "तू जा घरी, अंघोळ करून ये. मी आहे." आई आता भांडत नव्हती. तिच्या हातून पाणी घेत होती. एवढं भांडायलाही अंगात जोर लागतो.

रुग्णालयातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खिडकीबाहेर उजेड उतरायला लागला तेव्हा, आईने डोळे उघडले.

"तुम्ही अजून इथेच?"

"हो."

"दमलात बाई तुम्ही. मी तुम्हाला फार टाकून बोलले."

"असू दे हो."

"घरी कोण आहे तुमचं?"

"आई आहे," थोरली म्हणाली.

"मग तिच्याकडे जा ना. इथे काय बसलात? मुलगी घरी येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो." बोलता बोलता तिला धाप लागली. थोरलीने तिला जरा उचलून उशीला टेकवलं. तशाच अवस्थेत आईने हात जोडायचा प्रयत्न केला. एका हाताला सलाईनची सुई होती, म्हणून थोरलीने तिचा दुसरा हात उचलून त्या हाताशी नेऊन ठेवला. आईने नेहमीसारखं मागणं मागितलं. धाकटा, सून, मुलगी. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "आणि या बाईंच्या आईलाही बरं कर. ती वाट बघत असेल. फार गुणाच्या आहेत रे या."

थोरलीने आईच्या हातांवर डोकं टेकलं. तिथेच ती किती तरी दिवसांनी देवाशी बोलली. ओळख पटू दे, हे मागायचं तिला सुचलंच नाही. आईला आता भीती वाटू देऊ नकोस, एवढंच ती म्हणाली. ते मात्र त्याने ऐकलं असावं. आई तिचा हात धरून झोपली आणि पहाटे झोपेतच गेली.

धाकटा आला. रडला. नर्सने पडदा ओढून घेतला. बऱ्याच वेळाने त्याने तोंड पुसलं आणि बहिणीकडे न बघता विचारलं, "ताई, शेवटी तरी ओळखलं का गं तिने तुला?"

त्याला काय ऐकायचंय ते थोरलीला दिसत होतं. हो म्हटल्याने काही बिघडत नव्हतं. पण ती खोटं बोलायच्याही पलीकडे दमली होती.

"नाही रे," ती म्हणाली. "मुलगी म्हणून नाही ओळखलं. पण बाई म्हणून मी तिला आवडायला लागले होते."