सात वाट्यांचा डबा

नवऱ्याला काय झालंय असं कुणी विचारलं, तर शालन सरळ सांगते, "डिमेन्शिया. मेंदूचा आजार हाय." भावकीतले लोक 'वय झालं', 'जरा विसरत्यात' म्हणून पांघरूण घालायला बघतात. शालन ते ओढून काढते. "साखर झाली तर सांगतासा की गावभर. मग ह्यालाच काय सोन्याचं झाकण?"

तिचा नवरा गणपती आचारी म्हणजे एकेकाळी लग्नघराचा धनी. कुरुंदवाडपासून मलकापूरपर्यंत समाजातल्या लग्नाची तारीख नवरानवरीच्या आधी त्यांना विचारून धरायचे. कढई केवढीही असो, मीठ हातानंच पडायचं आणि बरोबर पडायचं. आता चहाचा कप खाली ठेवतात आणि चहा मागतात. पण शालनला शालन म्हणतात, आंघोळ आपली आपण करतात. एवढं टिकलंय ते रोज रात्रीच्या गोळीनं, हे शालनला पक्कं ठाऊक आहे. मागं भावाच्या आजारपणात दोघं मलकापूरला गेली, गोळ्या कोल्हापुरात घरीच राहिल्या, आणि तिथला मुक्काम लांबला. एका सकाळी गणपतरावांनी तिला अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या म्हणायच्या?" त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा लहान गोळीपासून चढवत आणलं. ते दिवस शालन कुणाला सांगत नाही.

गोळी घ्यायला मात्र ते तयार नसत. "मला काय धाड भरलीया?" म्हणत थुंकायचे. एकदा शालननं गोळ्या त्यांच्याच जुन्या मसाल्याच्या डब्यात ठेवल्या, एका वाटीत एका वाराची. रात्री त्यांनी डबा उघडला, तीन बोटांची चिमूट केली आणि चव बघावी तशी गोळी तोंडात टाकली. वर पाणी प्यायले. त्या दिवसापासून डबा ओट्यावर ठेवायचा आणि शालननं पाठ फिरवून भांडी घासायची, हा नेम झाला.

अशात आयर्लंडहून दीक्षाचा फोन आला. लेक तिथं नर्स आहे, पहिलंच बाळंतपण, आईला ये म्हणाली. आईनं जायचं म्हणजे आण्णांना, गणपतरावांनाही न्यायचं.

भावकी म्हणाली, प्रवासात कशाला गोळ्या, तिथं गेल्यावर बघता येईल. शालन तडक डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांनी इंग्रजीत पत्र दिलं. त्यात आजाराचं नाव, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा होती, कारण इथल्या कंपनीचं नाव तिकडं कुणाला कळेलच असं नाही. गोळ्या पाकिटासकट हातातल्या पिशवीत ठेवायच्या आणि खंड पाडायचा नाही, हेही बजावलं. किती दिवसांच्या गोळ्या आणता येतात ते दीक्षानं चौकशी करून कळवलं आणि तिथल्या डॉक्टरची वेळही घेऊन ठेवली.

औषधाच्या दुकानात अमरसिंहानं सवयीनं कात्री उचलली.

"ठेव ती खाली. पट्टी कापायची न्हाय."

"मावशी, तिकडं मेडिकल नसतंय व्हय?"

"असतंय की. पर तिथला डॉक्टर चिठ्ठी देईपातूर ह्यांच्या मेंदूला सुट्टी देऊ? आन् नावच कात्रीत गेलं, तर इमानतळावर काय सांगू, शेंगदाणं हाईत म्हणून?"

पट्ट्या खांद्याच्या पिशवीत गेल्या. डबा रिकामाच, मोठ्या बॅगेत. वाट्या तिथं पोचल्यावर भरायच्या.

आयर्लंडला पिशवी पोचली. बॅग नाही. विमानकंपनी म्हणाली, दोन-तीन दिवसांत घरी आणून देऊ.

पहिल्या रात्री शालननं गोळी हातावर ठेवून पुढं केली. गणपतरावांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या रात्री गोळी जिभेवर गेली आणि बेसिनमध्ये पडली. "काय घालतीस मला?" असं म्हणून त्यांनी तिच्याकडं जे बघितलं, त्यात मलकापूरची ती सकाळ होती.

दीक्षा हळूच म्हणाली, "आई, उद्या केळात कुस्करून देऊया का?"

"कुस्करायची का न्हाई ते डॉक्टरला इचारल्याबिगर न्हाय. आन् एकदा का फसवून घातली, तर उद्या माझ्या हातचं पाणी बी घ्यायचं न्हाईत."

शालन रात्रभर विचार करत राहिली. डब्यासाठी ते गोळी घेत होते, असं तिनं धरलं होतं. पण डबा ओट्यावर असताना तिनं कधी गोळी दिलीच नव्हती. घेतली होती ती त्यांच्या त्यांनी.

तिसऱ्या संध्याकाळी तिनं आमटी केली आणि मुद्दाम मीठ घातलं नाही. लेकीच्या घरातल्या चार वाट्या ओट्यावर मांडल्या. एकीत मीठ, एकीत हळद, एकीत तिखट, आणि कडेच्या चौथीत नुसती गोळी. शेजारी पाण्याचा पेला. मग हॉलकडं तोंड करून म्हणाली, "अवं, आमटी बिघडलीया बघा."

"कुणी केली?"

"मीच की."

"मग बिघडणारच. तुला कवा जमलीया?"

ते उठून आले. शालननं नळ सोडला आणि पाठ फिरवून भांडी घासायला घेतली. दीक्षा दारात पोटावर हात ठेवून उभी होती. तिनं तोंड उघडलं, तशी शालननं ओल्या हातानंच खूण करून तिला गप्प केलं.

गणपतरावांनी पळी चाटली, मान हलवली. चिमूट मिठात गेली. मग हळदीवर थांबली. तिखट ओलांडून कडेच्या वाटीत गेली आणि गोळी उचलून तोंडात टाकली. पेला रिकामा झाला. ते पुन्हा आमटीकडं वळले, पुन्हा पळी चाटली आणि पुन्हा मीठ घातलं. थोड्या वेळानं आणखी एकदा.

"आण्णा, मीठ…" दीक्षा म्हणाली.

"आचारी कोन हाय हितं?"

"तुम्हीच," शालन म्हणाली. चाळीस वर्षांत स्वयंपाकावरून त्यांच्या एकाही वाक्याला उलट उत्तर दिल्याशिवाय ती राहिली नव्हती.

जेवताना त्यांनी विचारलं, "कशी झालीया, शालन?"

घास गिळायला दीक्षाला पाणी लागत होतं. शालननं भातावर आणखी एक पळी आमटी वाढून घेतली.