माझ्या हातचा आलेख

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पत्नीच्या, निर्मलाच्या, कागदावर 'मेजर डिप्रेशन' असे लिहिले. आमची मुलगी रोहिणी जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

मेजर डिप्रेशन म्हणजे नुसते दुःख नव्हे, असे डॉक्टरांनी समजावले. दुःखात माणूस रडतो, मध्येच जेवतो, कोणी आले तर बोलतो. या आजारात झोप, भूक, हालचाल हळूहळू बंद पडत जाते. कोरीटमध्ये आमच्या घरामागेच शेत आहे. मिरचीची तोडणी निघाली तरी निर्मलाने मागचे दार उघडले नव्हते.

डॉक्टरांनी तिला नऊ प्रश्न विचारले. या प्रश्नावलीला पीएचक्यू-नाइन म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागले का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. जितके जास्त तितका आजार जास्त. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. निर्मलाची बेरीज एकवीस आली.

मग त्यांनी संगणकावर एक आलेख दाखवला. त्यावर एक तुटक रेघ खाली उतरत गेली होती. "एकवीसपासून सुरुवात केलेले रुग्ण साधारण या वाटेने बरे होतात," ते म्हणाले. "आजपासून गोळी सुरू करू. दर पंधरा दिवसांनी हाच कागद भरायचा. यांची रेघ तुटक रेघेच्या वर राहू लागली, तर वाट बघत बसायचे नाही. उपचार बदलायचा."

मी तीस वर्षे भूगोल शिकवला. आलेख वाचता येतो, याचा त्या दिवशी मला आधार वाटला.

पुढच्या वेळी कागद बाहेरच्या बाकावर हातात मिळाला. निर्मला चौथी शिकलेली. घरातला प्रत्येक अर्ज मीच भरत आलो. रेशनकार्डाचा, बँकेचा, रोहिणीच्या मृत्यूच्या दाखल्याचाही. "तुम्हीच लिखी द्या, मास्तर," ती म्हणाली. मी लिहिले. झोपेला तीनऐवजी दोन, कारण ती निदान पडून तरी होती. मन लागण्याला दोन, कारण सकाळी तिने चहा मागितला होता. नववा प्रश्न मी तिला वाचून दाखवला नाही. शून्यावर खूण केली.

खोटे लिहितो आहे असे मला वाटत नव्हते. लिहिले की तसे होईल, असे काहीतरी मनात होते. आणि तो प्रश्न मोठ्याने वाचण्याचे बळ माझ्यात नव्हते.

सतरा. तेरा. दहा. रेघ तुटक रेघेला चिकटून उतरत होती.

दहा झाले त्याच आठवड्यात निर्मला खरोखर उठली. अंघोळ करून आली आणि मला भाकरी शिकवायला बसली. मी जन्मात पिठाला हात लावला नव्हता.

"हाई भाकर शे का श्रीलंका?" ती म्हणाली, आणि हसली. मीही हसलो. रोहिणी गेल्यावर घरात पहिल्यांदाच कोणी हसत होते. मग तिने मला डाळींचे डबे दाखवले. मीठ किती घालायचे ते सांगितले. माझ्या सगळ्या शर्टांची बटणे तपासली. ब्राह्मणपुरीहून तिची धाकटी बहीण सुनंदा आली होती, तिला दोन नव्या साड्या दिल्या.

जाताना सुनंदाने मला दारात थांबवले. "दाजी, ती नव्या साड्या का वाटी ऱ्हायनी? माले भेव लागस."

"आते बरी शे ती," मी म्हणालो, आणि दवाखान्यातून मिळालेली आलेखाची प्रत तिच्यासमोर धरली. ती कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

पाचव्या कागदावर मी सात भरले. डॉक्टर म्हणाले, "छान. आता दोन महिन्यांनी आलात तरी चालेल. फक्त अंतर वाढवण्याआधी आम्ही एकदा तोंडी विचारतो." समुपदेशक बाई निर्मलाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. त्या शहाद्याकडच्या होत्या, आमचीच बोली बोलत. खोलीला दार नव्हते, पडदा होता.

"मावशी, रातले झोप लागस का?"

"नही वं बेटा."

"मंग कागदवर तं लागस असं लिखेल शे."

"कागद मास्तर भरतस."

बाईंनी पहिल्यापासून एकेक प्रश्न तिला विचारला. मग बाईंनी नववा प्रश्न विचारला. आमच्या घरातल्या बोलीत तो फार लहान होता. "मरी जावानं मनमा येस का?"

"रोज येस," निर्मला म्हणाली. "म्हणीसन तं त्यासले भाकर शिकाडी. मन्ह्या मांगे त्या उपाशी नको ऱ्हावाले."

बेरीज चोवीस आली. डॉक्टरांनी तो ठिपका आलेखावर ठेवला आणि संगणक माझ्याकडे वळवला. ते रागावले नाहीत. "गोळी लागू पडत नव्हती," एवढेच म्हणाले. "ते आम्हाला सहा आठवड्यांपूर्वी कळले असते."

निर्मलाला त्याच दिवशी दाखल केले. सुनंदा आली. तिच्या नवऱ्याने फवारणीची औषधे आमच्या घरातून उचलून नेली. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात आठ दिवस बसून होतो आणि त्या चार कागदांवरच्या माझ्या खुणा मला एकेक आठवत होत्या.

तुमच्या घरी असा कागद आला, तर आजारी माणसाला त्याच्याच बोलीत विचारू द्या, आणि तेव्हा तुम्ही बाहेर जा. कागदाला चांगले गुण मिळवायचे नसतात. मरणाबद्दल विचारल्याने मरणाचा विचार डोक्यात शिरत नाही, हे समुपदेशक बाईंना मला दोनदा सांगावे लागले. आणि घरातले माणूस अचानक आवरासावर करू लागले, तर ते बरे झाले असे समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

त्यानंतरची रेघ निर्मलाची आहे. चोवीस, बावीस, पुन्हा बावीस. ती तुटक रेघेच्या वर राहिली, म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली आणि दर आठवड्याला बाईंशी बोलणे सुरू केले. आत काय बोलतात ते मला माहीत नसते. मी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहतो. त्या बाईंचे माझ्यावर जे उपकार आहेत, ते त्यांना सांगायला मला अजून जमलेले नाही.

गेल्या आठवड्यात बेरीज पंधरा आली. परतताना एसटीत मी निर्मलाला नववा प्रश्न स्वतः विचारला.

"रोज नही," ती म्हणाली. "पन येस."

तिच्या पंधरापैकी एक गुण त्या प्रश्नाचा आहे.